विहिरीकडच्या माडाची नवरी

मला दोन मुलीच. दोघींची लग्नं झाली आणि दोन्ही लग्नांत मी वधूमाय होते, म्हणजे दिवसभर उपाशी, पायांत गोळे आणि चेहऱ्यावर हसू. वरमायेचा थाट खऱ्या आयुष्यात आपल्या वाट्याला येणार नाही, हे मी फार आधीच ओळखलं होतं. तरीही मी दरवर्षी एकदा वरमाय होते. पाय धुऊन घेते, मानाचा नारळ घेते, सरबतात साखर कमी आहे म्हणून नाक मुरडते आणि कोणाचं माझ्याकडे लक्ष नसलं तर रुसून बसते. माझा मुलगा वीतभर उंच असतो. तो नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या जाड सालाचा, केलेला असतो आणि त्याच्या मिशा काथ्याच्या असतात.

हे बाहुला-बाहुलीचं लग्न लागतं माझ्या माहेरी, पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी आहे तिथे, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याआधी लावायचं नाही, कारण चातुर्मासात कोणी लग्न लावत नाही आणि बाहुल्या झाल्या म्हणून त्यांना वेगळा कायदा नाही. शिवाय अंगणात मांडव आयता असतो. तुळशीभोवतीचे ऊस अजून ताठ असतात, चिंचा-आवळे असतात, अंतरपाटसुद्धा धुवायचाच असतो, मग धुण्याआधी एकदा आणखी वापरला तर बिघडलं काय? असा हा काटकसरी विवाह. वाडीतल्या पाच-सहा मुली आणि त्यांच्या आया एवढंच वऱ्हाड. मुलगे येतात ते फक्त जेवायला.

हा सगळा पसारा मांडते माझी आत्या. वय विचारलं तर सांगते, "पंचाहत्तरच्या आसपास असेन. दाखला पावसात भिजला." मी सहा वर्षांची असताना माझी आई गेली. तेव्हापासून मला न्हाऊ घालण्यापासून पाठीत धपाटे घालण्यापर्यंतची सगळी कामं आत्यानेच केली. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. का झालं नाही, याची मी चार माणसांकडून चार उत्तरं ऐकली आहेत. माझे वडील सांगायचे, पत्रिका जुळली नाही. काका सांगायचे, हिनेच आलेल्या स्थळांना नावं ठेवली. शेजारीपाजारी म्हणतात, भावाची पोरं सांभाळायला राहिली. तिला विचारलं तर ती म्हणते, "राहून गेलं," आणि पुढचं काम हातात घेते. आता वडील नाहीत, भाऊ मुंबईला असतो, आणि घर, आगर, विहीर हे सगळं आत्याचं राज्य आहे.

दरवर्षी नवरी करायची आत्याने आणि नवरा करायचा मी, अशी आमची वाटणी. ती नवरी करायची नव्या भाताच्या पेंढ्याची. झोडणी झाली की त्यातला लांब, पिवळाधमक पेंढा ती आधीच बाजूला काढून ठेवायची. वधूमाय मात्र वाडीतल्या कोणा मुलीची आई व्हायची. नवरी मांडवात आली, बायका "वा! काय नाक आहे!" म्हणायला लागल्या की तोवर आत्या चुलीपाशी पोचलेली असायची. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. आत्या म्हणजे चूल, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं.

या वर्षी दिवाळी आटोपून उरलेल्या सुट्टीत मी खेडहून निघाले. मी तिथे प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी मुलांची आणि जीव माझा मोकळा होतो. रत्नागिरीपर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. घरी पोचले तर आत्या खळ्यात पेंढ्याच्या उडवीसमोर कमरेवर हात ठेवून उभी. परतीच्या पावसाने उडवी आतपर्यंत भिजली होती. तिने मधली एक पेंढी उपसून मला दाखवली. काळी पडलेली, आणि हात लावला की भुगा.

"या वर्षी पेंढ्याची नवरी नाय," आत्या म्हणाली. "माडाचीच करते."

"कर की."

"आणि ऐक. या वर्षी वधूमाय मी होणार."

मला हसू आलं. म्हटलं, "मग गाठ माझ्याशी आहे. वरमाय मी आहे, विसरू नकोस."

"तुला घाबरतंय कोण? तुझं नाक पुसलंय मी."

पण मागच्या दारी गेले तर दोरीवर तिचं मोरपंखी इरकलं लुगडं उन्हात घातलेलं. ते ट्रंकेतून बाहेर आलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणजे बाईसाहेब थट्टा करत नव्हत्या. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने आडपडदा न ठेवता सांगितलं, "सगळ्या गावाच्या लग्नांची जेवणं केली गो मी. एकदा पाटावर बसून मुलगी देऊन बघते. कसं वाटतं ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी पडवीत सामान मांडून बसलो. दिवाळीनंतरचे ते दिवस मला फार आवडतात. पाऊस संपलेला, ऊन कडकडीत पण सकाळी पायांना फरशी गार लागते, आणि सगळं जग वाळत घातलेलं असतं. कुठे भात, कुठे नाचणी, कुठे कोणाच्या गोधड्या. आत्याचा एकच नियम आहे: बाहुलीच्या अंगावर बाजारातलं काही चढता कामा नये. सुई नाही, दोरा नाही, डिंकाची बाटली नाही. मी एकदा लहानपणी चोरून टिकली लावली होती, तर तिने ती नखाने काढून माझ्याच कपाळावर चिकटवली.

त्यामुळे काम वेळखाऊ. विहिरीकडे एक जुना माड आहे, त्याच्या बुडाशी सगळा कच्चा माल पडलेला असतो. पावसाभर चरात पडून कुजलेली सोडणं आम्ही आणली, मोगरीने बडवली, धुतली आणि तुटक्या कंगव्याने विंचरून त्यांचा सोनेरी काथ्या काढला. हाडं म्हणजे झावळीचे हीर, पात्यांच्या मधल्या काड्या. त्यांची जुडी करायची, तिच्यावर काथ्या गुंडाळायचा आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोऱ्याने आवळायचं. डोकं म्हणजे माडावरून अवेळी गळून पडणारं लिंबाएवढं कोवळं फळ. ते चुलीतल्या गरम राखेत पुरून आधी पुरतं वाळवावं लागतं, नाहीतर ते नंतर आकसतं आणि डोकं मानेवर गरगरा फिरतं. मला धीर कमी. मी फळ एकच दिवस राखेत ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी माझा नवरदेव मान हलवायला लागला.

"आत्ताच डुलतोय," आत्या म्हणाली. "मांडवात काय करील!"

"होकारार्थी मान आहे. गुणाचा आहे तो."

"उतावळी आई आणि डुलता मुलगा."

तिच्या नवरीचं डोकं मात्र घट्ट बसलं होतं. झावळीच्या बुडाशी माडाला जाळीदार, तपकिरी कापडासारखं काहीतरी येतं, आपोआप विणलेलं. त्याचा अखंड मोठा तुकडा आत्याने कितीतरी दिवस शोधून ठेवला होता. हळदीत चुना कालवून तिने तो कुंकवासारखा लाल रंगवला आणि नवरीला त्याचं लुगडं नेसवलं, निऱ्या घालून, काष्टा मारून. केस काळे हवेत म्हणून काथ्याला काजळी चोळली. डोळ्यांना गुंजा लावल्या, भाताच्या खळीने चिकटवून, आणि शेजारी बसलेल्या पोरींना दहा वेळा बजावलं की गुंजा तोंडात घालायच्या नाहीत, विषारी असतात. नाकात नथ, ती तांदळाच्या तीन दाण्यांची. वेणीत कुरडूचे गुलाबी तुरे. पायाला माती लागू नये म्हणून उभं राहायला पोफळीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीचा, छोटा पाट. शेवटी तिने नवरीला लांब धरलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि कोणाला न सांगता तिच्या गालांवरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

मी माझ्या नवरदेवाला केळीच्या वाळक्या सोपटाचा फेटा बांधला आणि मान डुलू नये म्हणून गळ्याभोवती उपरण्याचे जरा जास्तच वेढे दिले. थंडी वाजत असलेल्या माणसासारखा दिसत होता बिचारा.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मांडवात सगळे जमले. आत्याने रात्रीच घाटल्याची तयारी करून ठेवली होती. घाटलं म्हणजे तांदळाची गुळ-नारळ घातलेली खीर, ती पहाटेच चुलीवर चढवून तिने विस्तव मागे ओढला, इरकलं नेसली, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळला आणि पाटावर, मांडीवर नवरी घेऊन बसली. पाठ इतकी ताठ की फोटोग्राफर कोणी बोलावला असता तर त्याला काही सांगावं लागलं नसतं. मी वेशीवरून, म्हणजे आवाराच्या दगडी गडग्याच्या तोंडापासून, वरात घेऊन आले. माझे पाय धुतले. मी पाणी गार आहे अशी तक्रार केली. रुखवतात करवंटीचे टोप, करवंटीच्या पळ्या, नाचणीच्या कणसांचा झाडू असं सगळं मांडलं होतं, त्यात जातं नाही म्हणून मी भुवया उंचावल्या. पोरी खिदळत होत्या. सगळं कसं रीतीप्रमाणे चाललं होतं.

तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या. आमचा आणि त्यांचा गडगा एकच. काकी म्हणजे वाडीचं चालतंबोलतं पंचांग. सुतक किती दिवस, ओटीत काय घालावं, कोणी कोणाला वाकून नमस्कार करू नये, हे सगळं त्यांना विचारायचं. त्यांचे यजमान, शेजारचे काका, मागून येऊन पडवीच्या कट्ट्यावर मोबाईल उघडून बसले. काकींनी नवरी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"वन्सं, नवरी झकास हो. पण पेंढ्याची नाय दिसत?"

"पेंढा कुजला. माडाची केली," आत्या म्हणाली.

"आणि नवरा?"

"तोही माडाचाच," मी तोऱ्यात सांगितलं. "विहिरीकडच्या. त्याच्यासारखा काथ्या आख्ख्या वाडीत नाही."

काकींनी नवरीकडे पाहिलं. मग आत्याकडे. "आणि ही कुठल्या माडाची?"

आत्याने माझ्या नवरदेवाकडे पाहिलं. तिला एकदम कळलं होतं. मला अजून नाही.

"अगो बाई!" काकींनी गालावर हात मारला. "म्हणजे सख्खी भावंडं की ही!"

मी मोठ्याने हसले. हसणारी मी एकटीच होते. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आमच्याकडे हे असंच आहे. पत्रिका जुळली नाही तर डोळेझाक करतील, पण एका गोत्रात सोयरीक म्हटलं की घास हातातच राहतो. इतकी वर्षं नवरी पेंढ्याची आणि नवरा माडाचा असल्यामुळे हा प्रश्नच कधी आला नव्हता.

"खेळ आहे हो, काकी," एका मुलीची आई चाचरत म्हणाली.

"खेळ असला म्हणून? पोरी बघतायत. भावाबहिणीचं लग्न लावलेलं त्यांनी बघायचं?"

"वहिनी," आत्या म्हणाली, "माडाला कसलं गो गोत्र?"

"काल तुळशीचं कन्यादान केलंत ते? तुळस झाडच ना?"

मुलींपैकी एकीने ही नवरी सोडवून पुन्हा दुसऱ्या माडाची करू या असं सुचवलं आणि आत्याने नवरी चटकन पदराखाली घेतली. निऱ्या सोडायला ती तयार नव्हती. ऊन चढत होतं. नवरदेवाच्या उपरण्याचे वेढे सैल होऊन त्याने पुन्हा मान हलवायला सुरुवात केली होती. मला भूक लागली होती, आणि भूक लागली की माझ्या डोक्याचा ताबा दुसऱ्याच कोणाकडे जातो.

तेव्हा काकींनीच तोडगा काढला. "आमच्याकडे भाट्याच्या नारळ केंद्रातून आणलेला संकरित माड आहे. नवरीला त्याच्या घराण्यात दत्तक देऊन टाका. मग ती आमची मुलगी झाली. मी आणि हे पाटावर बसतो, कन्यादान करतो."

"छान!" मी म्हणाले. "प्रश्नच मिटला. काकी, तुम्ही दोघं बसा. तसंही कन्यादानाला जोडपंच लागतं."

वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला काहीच वाटलं नाही. हे मी लपवत नाही. शंभर लग्नांत ऐकलेलं वाक्य होतं ते, सवयीने जिभेवर आलं. वीतभर काथ्याच्या बाहुलीलासुद्धा आम्ही जोडपं शोधत होतो.

आत्या उठली. "होय, तेही खरंच," असं म्हणून तिने नवरी काकींच्या ओटीत ठेवली, तिच्या वेणीतला कुरडूचा तुरा नीट केला आणि म्हणाली, "मी घाटलं बघते. बुडाला लागेल."

घाटलं बुडाला लागणार नव्हतं. विस्तव तिनेच मागे ओढला होता. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. इरकल्याचा पदर तिने जाता जाता कमरेला खोचला, आणि तो खोचण्याची ती लकब बघून मला माझं लग्न आठवलं.

माझं लग्न याच अंगणात झालं. आई नव्हती आणि एकटे वडील कन्यादानाला बसू शकत नव्हते, म्हणून काका-काकू बसले. काकू मुंबईची. माझ्या बालपणात ती मला दोन-तीनदा भेटली असेल. तिने माझा हात धरला, "आईविना वाढलेली पोर आहे, सांभाळा हो," असं माझ्या सासूबाईंना म्हणाली आणि डोळे पुसले. सगळ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. मग मान वर केली तेव्हा माजघराच्या दारात आत्या उभी होती, एका हातात झारा, पदर कमरेला खोचलेला. माझी नजर तिच्या नजरेला भिडली आणि ती हसली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. तिने का बसू नये, असं मी एका शब्दानेही कोणाला विचारलं नाही. आणि आज बावन्नाव्या वर्षी, कोणी विचारलंही नसताना, मीच तिला पाटावरून उठवलं होतं.

मला स्वतःचा फार राग आला. पण आता काय करणार? शब्द मागे घेते म्हटलं असतं तर काकी शास्त्र काढून बसल्या असत्या, बायका दोन्ही बाजूंनी बोलल्या असत्या आणि आत्या स्वयंपाकघरातून "नको गो वाद" म्हणाली असती. तेव्हा मी माझ्या हातात जे एकमेव हत्यार होतं ते काढलं. मी नवरदेव उचलला, मांडवाच्या पायरीवर जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसले.

"वरमाय रुसली!" पोरी किंचाळल्या. त्यांना आनंदच झाला. रुसवा काढणं हा लग्नातला त्यांचा आवडता भाग. "काय हवं वरमायेला? साडी? पैठणी?"

"नवरीच्या अंगात पहिला हीर जिने घातला तिनेच मुलगी द्यायची," मी म्हणाले. "तिने पाटावर बसायचं. नाहीतर माझा मुलगा बोहल्यावर चढायचा नाही. वरात परत."

"अगो, पण भावंडं आहेत ना ती!" काकी म्हणाल्या.

"मग माझा मुलगा घ्या दत्तक. आजवर दत्तक मुलगेच गेले की नाही? मुलगी दत्तक गेलेली कोणी ऐकली आहे?"

काकी विचारात पडल्या. शास्त्र माझ्या बाजूने होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी बोटं मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "पण मुलगा आमचा झाला तर वरमाय कोण?"

हा हिशेब मी केलाच नव्हता. वर्षाकाठी मला मिळणारा तो एक मान, पाय धुऊन घेण्याचा, नाक मुरडण्याचा. खोटं कशाला बोलू, तो मला द्यायचा नव्हता. पण स्वयंपाकघरात झारा टोपाला लागल्याचा आवाज आला आणि मी म्हणाले, "तुम्ही."

काकींचा चेहरा असा फुलला की बास. त्या लगबगीने गडगा ओलांडून गेल्या आणि आपल्या संकरित माडाचं सोडण घेऊन आल्या. त्यातला काथ्या ओढून त्यांनी पीळ दिला आणि नवरदेवाच्या कमरेला कडदोरा बांधला. झाला दत्तकविधी. पडवीतून काकांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. "मुलगा झाला वाटतं मला," म्हणाले. "अडुसष्टाव्या वर्षी." आणि नवी वरमाय माझ्याकडे वळून ठसक्यात म्हणाली, "आता माझे पाय कोण धुणार?"

मी धुतले. पाणी गार आहे, असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं. मी गिळलं.

मग मी आत गेले. आत्या चुलीपाशी उभी राहून न लागलेलं घाटलं ढवळत होती.

"चल," मी म्हटलं. "पाट रिकामा आहे."

"नको गो. बसू देत त्यांना. मला काय, इथून पण दिसतं."

"इथून दिसतं हे मला माहीत आहे. माझ्या लग्नात तू इथूनच बघितलंस. मी तेव्हा गप्प बसले आणि आज तर बोलून घाण केली. चुकलं माझं. चल आता."

"तेव्हा तू काय बोलणार होतीस? पोर होतीस," ती म्हणाली. मग झारा खाली ठेवला, पदराचा खोचा सोडला, हात धुतले आणि माझ्याकडे पाठ केली. "मागून चुरगळलंय का बघ."

चुरगळलं होतं. मी सारखं केलं.

आत्या पाटावर बसली आणि काकींनी नवरी तिच्या मांडीवर परत दिली. भटजी झालेली मुलगी दहा वर्षांची, तिने आजोबांचं उपरणं घेतलं होतं आणि मंगलाष्टकं मोबाईलवरून वाचायची होती. ती कन्यादानाला थांबली, कारण काकींनी हात वर केला होता.

"वन्सं एकट्याच? मग हाताला हात कोण लावणार?"

कोणताही विधी असला की नवरा पाणी सोडतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावून बसते, म्हणजे ते दोघांच्या हातून घडतं. काकींचा प्रश्न बरोबर होता. त्यांच्या आवाजात या वेळी कुरापत नव्हती, काळजीच होती. विधी अपुरा राहू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

"मी लावते," मी म्हणाले.

"तू कोण लागतेस?"

"मी मुलीकडची."

काकींनी क्षणभर पंचांग चाळल्यासारखा चेहरा केला. मग मान डोलावली. "चालेल. घरचीच आहेस."

मी आत्याच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसले आणि तिच्या मनगटाला हात लावला. मनगट बारीक झालं आहे तिचं. मला ते इतकं बारीक झाल्याचं माहीत नव्हतं, कारण हात लावण्याचा प्रसंग येत नाही. आम्ही एकमेकींना फक्त वस्तू देतो-घेतो. समोर काकी वरमायेच्या तोऱ्यात, मांडीवर नवरदेव घेऊन. तो कडदोऱ्यामुळे अचानक शहाणा झाला होता आणि मान स्थिर ठेवून होता.

"कन्या कोणाची म्हणून म्हणू?" भटजीने विचारलं.

आत्याने पळीत पाणी घेतलं. पोरी पुढे सरकून बघत होत्या. काकांनीसुद्धा मोबाईल पालथा ठेवला होता.

"माझी म्हण," आत्या म्हणाली.

तिने पाणी सोडलं. नवरीच्या लाल लुगड्याला धक्का न लावता धार ताम्हनात पडली. नवरी तिने दोन्ही हातांनी उचलून काकींच्या ओंजळीत दिली, आणि देताना सोडवत नसल्यासारखी थोडा वेळ धरून ठेवली.

"आईविना पोर होती, वहिनी," ती म्हणाली. "मी वाढवली. सांभाळा हो."

हे ती काकींना सांगत होती. पण नवरी देऊन रिकामा झालेला तिचा हात माझ्या हाताखाली उलटा झाला आणि तिने माझी बोटं मुठीत घट्ट धरली. माझ्या लग्नात हेच वाक्य काकूने म्हटलं होतं. तीस वर्षांनी ते ज्या बाईचं होतं तिने म्हटलं, आणि मी सगळ्या वाडीसमोर मोठ्याने रडले, मुलीकडच्यांनी रडावं तशी.